मार्थामावशीची रिकामी थाळी

मार्थामावशीची थाळी तिला परत नेऊन दिली की ती आधी वरचा रुमाल उचलून आत बघायची. आत काही असलं की तिचं तोंड पडायचं. मग ते लाडू असोत, चिवडा असो, नाहीतर नुसती चिमूटभर साखर. "आणलंच का वो काहीतरी!" असं म्हणत ती थाळी अशी आत न्यायची, जशी काही आम्ही तिच्यात भाजीची देठं घालून पाठवली होती. मी तेव्हा नवी नवरी. भांडं रिकामं आलं म्हणून नाक मुरडणाऱ्या बायका मी माहेरी पुष्कळ पाहिल्या होत्या. भरून आलं म्हणून हिरमुसणारी बाई पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, आमचे लाडू हिला आवडत नसावेत. लाडू माझ्या हातचे असल्यामुळे ही शंका अगदीच निराधार नव्हती.

भिलाईचा कारखाना तेव्हा, आमच्या वऱ्हाडी बोलीत सांगायचं तर, उभा राहून राहिला होता. जिकडे पाहावं तिकडे खोदलेलं, आणि जे खोदलेलं नाही त्याच्यावर मुरमाचा लाल धुरळा. सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी भगवं होऊन घरात यायचं. सासूबाई म्हणायच्या, "या गावात राह्यलं की माणूस आपोआपच संन्यासी होते." आमचे हे स्टोअरमध्ये कारकून होते. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं म्हणून त्यांनी आईला वर्ध्याहून आणि मला लग्न करून, असं एकाच महिन्यात आणलं. मी मॅट्रिक झालेली होते. सासरी पाऊल टाकतानाच मी मनाशी ठरवलं होतं की आपण सुधारलेल्या विचारांनी वागायचं. हा निश्चय समोरच्या क्वार्टरमधून पहिली थाळी येईपर्यंत टिकला.

समोर राहायची मार्थामावशी. अचलपूरकडची ख्रिस्ती. तिचा नवरा, योहानकाका, उंचावर लोखंडी तुळया चढवणाऱ्या टोळीत होता. दिवसभर दोर, कप्प्या आणि खाली वाकून बघवणार नाही अशी उंची. रोज सकाळी भोंगा व्हायच्या आधी तो दारात उभा राहायचा, डोक्यावरची टोपी काढायचा, आणि मावशी त्याच्या टकलावर हात ठेवून डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. क्वार्टरांची अख्खी लाईन बघायची. सासूबाई म्हणायच्या, "नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवते! सासू आहे का त्याची?" लेकरंबाळं नव्हती. मावशी ठेंगणी, सावळी, हाताला सतत कणकेचा वास. बांगड्या दोनच, काचेच्या, त्याही वेगवेगळ्या रंगांच्या. विचारलं तर म्हणायची, "एक फुटली की एक भरतो. जोडी जमवाच्या नादी कोण लागते?"

थाळी एनॅमलची होती, पांढरी, निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली. नाताळात तीत करंज्या आणि अनरसे यायचे. एरवी कधी गूळपोळी, कधी उपमा, कधी नुसता गरम शिरा. दारात उभी राहून मावशी न विचारता सांगायची, "शुद्ध तुपातलं आहे. अंड्याबिंड्याचं काही नाई." सासूबाई थाळी गोड हसून घ्यायच्या आणि आत येऊन म्हणायच्या, "आज आपला उपास आहे ना, सूनबाई?" असायचाच. मावशीची थाळी आली की आमच्याकडे उपास निघायचा. पंचांगातले पुरेनात तेव्हा आम्ही स्वतःचे काढले. मी, सुधारलेली, मॅट्रिक झालेली, एकदा बुधवारचा उपास धरून बसले होते. तो कोणत्या देवाचा, ते अजून मला ठाऊक नाही.

थाळीतलं मागच्या दाराने फुलबासनच्या बकरीला जायचं. फुलबासन मागच्या झोपड्यांत राहणारी, खडी वाहणारी छत्तीसगढी बाई. मग थाळी लख्ख घासून, आमचे बेसनाचे लाडू घालून, रुमाल झाकून समोर. मावशीने दिलं असेल त्यापेक्षा थोडं जास्तच. सासूबाईंचा कटाक्ष होता, "कोणाचं आपल्या अंगावर राहू देऊ नाई." म्हणजे बघा, तिचं दिलेलं आम्ही खात नव्हतो, आणि न खाल्लेल्याची फेड मात्र चोख करत होतो. दोन्ही बाजूंनी अपमान कसा करावा याचं शिक्षण मला सासरी असं आयतंच मिळालं.

एकदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात बकरीपुढे करंज्या ओतल्या, थाळी झटकली, वळले, तर मावशी. हातात कपड्यांची बादली. तारेवर कपडे घालायला आली होती. माझ्या हातात तिची थाळी, बकरीच्या तोंडात तिची करंजी. बकरीने तरी जरा घाईने गिळावं, पण ती डोळे अर्धे मिटून सावकाश चघळत होती. मावशी बकरीकडे पाहत राहिली आणि काळजीने म्हणाली, "तिले वेलदोडा सोसते नं वो? या खेपेस जरा जास्तच पडला मायाकडून."

मी म्हणाले, "सोसतो." एवढंच. मॅट्रिकपर्यंत शिकून मी हे एक वाक्य बोलले. संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीसारखी लाडवांची थाळी माझ्या हाती दिली. मी जावं की न जावं असं करत गेले. मावशीने रुमाल उचलला, तोंड पाडलं, "आणलंच का!" म्हणाली. बकरीबद्दल एक शब्द नाही. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा थाळी आली, शिऱ्याची. या वेळी वेलदोड्याचा वास बेताचा होता.

माझ्याच्याने राहवेना. आमच्या लाईनीला नळाला पाणी संध्याकाळी यायचं आणि रांगेत मावशी माझ्या पुढे असायची. मी हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही पाहिलंत ना त्या दिवशी? मग अजून का पाठवता?"

"पाह्यलं त?" ती म्हणाली. "तुम्ही खाल म्हणून पाठवत असतो त बंद केली असती. मले द्यावंसं वाटते म्हणून देतो. बकरी खुश, मी खुश. तूच कावून तोंड पाडून राहिली?"

मला विषय बदलायचा होता. रविवारी ते लोक एका शेडमध्ये जमून गाणी म्हणायचे. त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, अजून बांधायचं होतं. त्या गाण्यांत 'तारण' हा शब्द घडीघडी यायचा. मी विचारलं, "तुमच्यात ते तारण तारण म्हणतात, ते म्हणजे मेल्यावर स्वर्ग, असंच ना?"

"स्वर्ग राहू दे बापा तिकडं, दूर. मी काही पाळक-पाद्री नाई, मले येते तसं सांगतो." तिने घागर खाली ठेवली. "इहिरीत पडलेल्या माणसाले काठावरून कोणी पोहाचं शिकवते का? हात असा मार, पाय तसा मार? तो त बुडून राहिला. कोणीतरी उतरा लागते. प्रभू उतरला. उतरला तो मेला, पडला होता तो वर आला. आन् तिसऱ्या दिवशी तोई उठला, म्हणून त आम्ही गाणे म्हणतो, नाईतर रडत बसलो असतो. एवढंच आहे, पोरी."

"आणि वर आलेल्याने काय करायचं?"

"काय करन? आंधी रडन. मंग हासन. दोराचे पैसे देतो म्हणन का?"

मला हे फारच स्वस्तात झाल्यासारखं वाटलं. मी वाद घातला. "मग माणूस चांगलं वागेल कशाला? सगळं फुकटच मिळणार असेल तर?"

"पोट भरलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात वाढते," ती म्हणाली. "उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटात पाहाते." मग माझ्याकडे बघून हसली. "तुमी रोजचे उपासवाले. तुमाले नाई समजाचं."

"हे फार सोपं आहे मावशी."

"सोपं आहे म्हणूनच त होत नाई कोणाच्यानं. लाडू वळणं जमते तुमाले. थाळी रिकामी देणं जमते का? एकदा देऊन पाह्य."

घरी येऊन मी हे सगळं हसत हसत सासूबाईंना सांगितलं, विहिरीसकट. त्या हसल्या नाहीत. वाती वळत होत्या, तो हात थांबला. म्हणाल्या, "तिले सांग, आमच्या घरातून रिकामं भांडं माया तिरडीसंगंच जाईन."

सासूबाईंचे उपास थाळीपुरते नव्हते, हे मला उशिरा कळलं. त्या खरेच उपास करत. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. लाख वाती करून झाल्या की पुन्हा लाख वाती. आमचे हे म्हणायचे, "आई आधी अशी नव्हती." मग कशी होती, हे मात्र कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस देवाला लागतं. पण देवाजवळ बसून उठल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नसायचं. काहीतरी कमी पडलं असंच दिसायचं.

मग त्यांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. इस्पितळात काढलं, पुन्हा झालं. शेवटी डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं. ते त्यांना कोणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. बायका यायच्या, पोथी वाचायच्या, तीर्थ द्यायच्या, "तुम्ही एवढं पुण्य केलंय, तुम्हाला कसली काळजी?" म्हणायच्या. त्या गेल्या की सासूबाई भिंतीकडे तोंड करायच्या. अन्न जाईना. मी करेन ते "नको". मला वाटायचं दुखतंय. दुखत होतंच. पण त्या भ्यायल्या होत्या, आणि घरातल्या कोणाला ते विचारायचं धैर्य नव्हतं. मला तर नव्हतंच; मी आत भांडी घासत बसायचे.

मावशी रोज दुपारी यायची. थाळी ओट्यावर झाकून ठेवायची, ती नेहमीच्या वाटेने बकरीकडे जाणार हे ठाऊक असून. आणि मग खाटेजवळ जमिनीवर बसून सासूबाईंचे सुजलेले पाय चोळायची. एका दुपारी भिंतीकडे तोंड असतानाच सासूबाई म्हणाल्या, "मार्थाबाई, केलेलं मिटते का वो उपासानं?"

मी आतल्या दारात होते. तिथेच थांबले.

"काय केलेलं, माय?"

"माया धाकट्या दिराची बायको. तो गेला. पोरगी इस-बावीसची. तिचं खाणं, तिचं बसणं, सारं माया डोळ्यात खुपे. एक दिवस तिले गाडीत बसवून माहेरी धाडून दिलं. घर लहान आहे म्हटलं." त्यांनी नखाने भिंतीचा पोपडा काढला. "घर लहान नव्हतं. माहेरच्याइनंही ठेवली नाई तिले. कुठं कुठं कामं करत फिरली, आन् मेली. आता माफी मागाले ते माणूसच नाई. कोणाजवळ मागू?"

मला वाटलं, आता मावशी म्हणेल, जाऊ द्या, देव सगळं बघतो. मरणाऱ्या माणसाला आपण तेवढं तरी म्हणतो. मावशी पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "नाई मिटत, माय. उपासानं नाई मिटत."

मला इतका राग आला की वाटलं, बाहेर जाऊन तिला दार दाखवावं. पण सासूबाईंनी मान वळवली. कित्येक दिवसांनी त्यांनी भिंतीवरून नजर काढली होती. इतके दिवस सगळे पुण्य पुण्य म्हणत होते; जे मिटलेलं नाही ते मिटलेलं नाही, हे कोणीतरी पहिल्यांदा कबूल केलं होतं.

"तुमच्यानं मिटत असतं," मावशी म्हणाली, "त त्याले वधस्तंभावर कावून जा लागलं असतं? आपल्यानं होत नाई म्हणूनच त त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं. तुमी ते उचलून उचलून थकल्या. ठेवून द्या त्याच्या पायापाशी. माफी तिले मागता येत नाई, त्याले मागा. तिचं दुखणंही त्याच्याचजवळ आहे."

"मी देव बदलणार नाई हं या वयात."

"मी कुठं बदलवून राहिली?"

"मंग? तुमच्यातल्या नसलेल्यासाठी कावून उतरन तो? सूनबाईनं सांगितलं मले तुह्या इहिरीचं."

"पडलेल्याले जात इचारून कोणी उतरते का, माय?"

सासूबाईंचे डोळे वाहायला लागले. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मावशीचा हात त्यांच्या कपाळावर होता, योहानकाकांच्या टकलावर असायचा तसा, आणि दोघींचे ओठ हलत होते. मी पदराने नाक पुसून पुन्हा दारात आले तेव्हा सासूबाई ओट्याकडे बघत होत्या.

"ते काय झाकून आहे?"

"मऊ भात आहे," मावशी म्हणाली. "वरून तूप."

"दे."

आणि मी, इतकं सगळं डोळ्यांनी पाहून, काय म्हणावं? मी म्हणाले, "आई, आज एकादशी आहे." खरीच होती. या घरात इतके खोटे उपास मी निभावले होते, आणि तोंड उघडलं ते खऱ्या उपासाला.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या.

मावशीने चार घास भरवले. ओठाखाली बोट लावून टिपत, लहान मुलाला भरवतात तसे. मग सासूबाईंनी मान हलवली. "उरलेला तू खा, सूनबाई. बकरीले नको." मावशी पदर झटकून उठली आणि घरी गेली. मी खाटेशी बसून उरलेला भात खाल्ला. किती चांगला भात होता तो! किंचित मीठ, किंचित जिरं. खाता खाता मला फुलबासनच्या बकरीचे अर्धे मिटलेले डोळे आठवले आणि मान वर करवेना.

"थाळी घास," सासूबाई म्हणाल्या, "आन् तशीच देऊन ये. रिकामी. साखरसुद्धा नको."

"तशीच?"

"देऊ दे मले एकदा."

मी थाळी घासली, पुसली, रुमाल झाकला. दिवस कलल्यावर दारापर्यंत आले. नळाला पाणी आलं होतं आणि साऱ्या लाईनच्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांना ती थाळी ठाऊक होती. समोरचं दार पंधरावीस पावलांवर असेल, पण हातातल्या थाळीला वजनच नव्हतं, आणि ते सगळ्यांना रुमालाच्या वरूनच कळणार असं मला वाटलं. कारकुनाच्या घरातून रिकामी थाळी. त्यांच्याकडचं खाल्लंही, आणि वर काही दिलंही नाही. मी उंबऱ्यातून मागे फिरले. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. मी साखरेचा डबा आवाज न करता उघडला.

मावशीने दारात रुमाल उचलला. थाळीच्या मधोमध चिमूटभर साखर. ती बघत राहिली. या वेळी तिचं तोंड पडलं नाही. ते पडलं असतं तर बरं झालं असतं.

"सासूनं पाठोली हे?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी रिकामी द्यायला सांगितली होती. मीच..."

मागे नळावरच्या बायका इकडेच बघत होत्या, की मला तसं वाटलं. मावशीने माझा हात ओढून उघडा केला आणि थाळी कलती करून साखर माझ्या तळहातावर घेतली. निळ्या काठाला चिकटलेले कण बोटाने सारून तेही. म्हणाली, "खाय."

"इथे?"

"हो, इथंच. माया देखत."

मी खाल्ली. आपल्याच घरची साखर, दुसऱ्याच्या दारात उभं राहून, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी तळहात चाटून. कान तापले होते. माझं मॅट्रिक, माझी सुधारणा, आमचे लाडू, सगळं त्या तळहातावर चिकट झालं होतं. मावशीने थाळी उजेडात धरून बघितली, पदराने पुसली आणि छातीशी धरली.

"झाली रिकामी," ती म्हणाली. "जाय आता. सांग तिले, पोचली."

घरात आले तर सासूबाई जाग्या होत्या. "दिली?" "दिली." "रिकामी?" मी "हो" म्हणाले. हे खरं होतं की खोटं, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत. शांतपणे गेल्या असं लिहायचा मोह होतो, पण त्या कण्हत गेल्या. फक्त भिंतीकडे तोंड केलं नाही पुन्हा. रोज दुपारी दाराकडे बघायच्या, थाळी आली की जमतील तेवढे घास घ्यायच्या, आणि मी थाळी रिकामी नेऊन द्यायचे. तेवढे दिवस. बायका काय म्हणाल्या असतील ते म्हणाल्या असतील. तेरावं झाल्यावर पहिल्यांदा मावशीची थाळी आली, तेव्हा मी पुन्हा लाडू घातले. मावशीने रुमाल उचलला. "आणलंच का वो!" म्हणाली, आणि मग आम्ही दोघी दारात उभ्या राहून रडलो.

इथलं बांधकाम सरत आलं तशी योहानकाकांची टोळी बोकारोला निघाली. ट्रकमध्ये सामान चढलं. मावशीने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, लाईन बघत असताना. मी बाजूला झाले नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. पुढे तिचा पत्ता लागला नाही.

परवा समोर नवीन आलेल्या छत्तीसगढी सुनेने डबाभर फरे पाठवले, तांदळाच्या पिठाचे, गरम, तिळाची फोडणी दिलेले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. बकरीचा काळ गेला. डबा घासून पालथा घातला. संध्याकाळी मुलगी घाईत म्हणाली, "आई, डबा दे ना, मी देऊन येते, वो दरवाज़े पे खड़ी है." मी म्हटलं, "थांब जरा." माझा हात साखरेच्या डब्यावर गेलेला होता. झाकण उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"क्या कर रही हो?" मुलगी म्हणाली. "द्यायचाय की नाही?"

मी चिमूटभर साखर घेतली आणि आपल्याच तोंडात टाकली. मग डबा तिच्या हाती दिला आणि ती समोरच्या दारापर्यंत जाईस्तोवर, मान खाली घालून, ओटा पुसत राहिले.